मॅचिंग

इतवारीत, बोळाच्या तोंडाशी
हेडाऊकाकांचं मॅचिंग सेंटर, सहा फूट रुंद.
बाई पदर पुढे करायची,
काका मागे न पाहता ठाण ओढायचे.
वर सांगायचे, "बाहेर नेऊन पाहा.
हे ट्यूबलाइट लबाड आहे.
त्याच्यातच जो रंग नाही
तो कापड कुठून परत देईन?"

मग तक्रारी सुरू झाल्या.
जांभळ्यावर तपकिरी, मोरपिशीवर हिरवं.
काका भांडायचे. गोळीबार चौकातल्या मास्तरणीला
तर सरळ आंधळी म्हणाले.

डॉक्टरनं सांगितलं:
भिंग पिवळं पडलंय, चहाच्या गाळणीसारखं,
निळा तेवढा वाटेतच अडतोय.
आणि हे कळत नाही,
कारण रोज जरा जरा पिवळ्यालाच
आपण पांढरं म्हणत जातो.

मेयोत डाव्या डोळ्याचं झालं.
भर मे महिना. काका दुकानाच्या पायरीवर,
एकदा हा डोळा झाकून, एकदा तो.
"तुह्या ओढणीत एवढा निळा होता?
काहून नाही सांगितलं कोणी?"

सांगितलं होतं. सगळ्यांनीच.

संध्याकाळी त्यांनी परत आलेल्या तुकड्यांचं गाठोडं सोडलं,
एकेक उन्हात धरला.
मास्तरणीचा वेगळा काढून
कागदात गुंडाळला, पत्ता विचारला.
दोन-तीन बाया मात्र खरंच चुकल्या होत्या,
ते मोठ्यांदा सांगितलं.

उजव्याची तारीख दोनदा टळली.
"राहू दे ना बाप्पा थोडे दिवस," म्हणतात,
"या डोळ्यानं तं
अजून मीच बरोबर आहो."