ओळ चारशे बारा, ओळ चारशे तेरा

तडवी साहेबांच्या वहीत एकच नोंद होती :
ओझर. दिशा आणि अंतर. जानोरीच्या अंगाला, कुंपणाच्या आत.

माझ्या तक्त्याला दोन ओळी लागतात.
दिशेची वारंवारता एकशे पंधरा दशांश पाच,
अंतराचा चॅनल एकशे दोन एक्स.
वैमानिक पहिलाच आकडा लावतो,
दुसरा न बोलावता मागोमाग येतो.

अक्षरं दोघांची तीच.
मोर्समध्ये पहिला ती तीनदा म्हणतो,
मग दुसरा एकदाच,
जरा वरच्या पट्टीत.

विमान विचारतं : किती लांब?
अंतरवाला पन्नास मायक्रोसेकंद गप्प राहतो,
मग सांगतो.
जवळचा असो, लांबचा असो,
गप्प राहणं तेवढंच.

संगणक विचारतो : जोडी? हो / नाही.
अक्षांशाच्या शेवटच्या अंकात फरक आहे.

यावलला फोन लावला.
"अगं हर्षला, एकाच छपरावर आहेत दोघं.
मीच मोजलं ना, जानेवारीत.
द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या,
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही.
दगड ठेवला."
"आणि?"
"आणि काय, सरकला असेल."

मी 'हो' भरलं.
अंक तसाच राहू दिला, दुरुस्तीला मोजणी लागते,
मोजणीला मंजुरी.
शेऱ्याच्या रकान्यात 'दगड' लिहिलं,
पुसलं,

आणि हेडफोन लावून बसले.
एकदा. दोनदा. तीनदा.
आता तो.