आठ मिलिमीटर

व्हेल्गा आली तेव्हा मी सुया मोजत होते.
बाहेर लिएपायाचा वारा
दारावरची पाटी उलटून बघत होता, मागे काय लिहिलंय ते.
वय एकाहत्तर. लोकरीची टोपी काढली,
काडेपेटी काढली खिशातून,
आणि खोली दणाणेल एवढ्यानं म्हणाली,
"इथे. वर. कडक भागात."

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला.
हेडफोन कायम उजव्या कानावर.
"याच कानानं ऐकलं सगळं:
मोडलेली लग्नं, न परतलेल्या बोटी,
पैसे संपत आले म्हणून घाईनं मागितलेल्या माफ्या.
या कानाचं त्या कानाला केलं नाही कधी.
आता मशीन लागतं त्याला.
निदान एक दागिना तरी."

काडेपेटीत अंबरचा थेंब. आईचा. आकड्याला लटकलेला.

नाही, म्हटलं.
पाळी महिन्याभरात विसरते,
कूर्चा वर्षभर मनात ठेवते.
हा डुलणार, टोपीत अडकणार,
जखम रोज पहिल्यापासून सुरू.
कडी दाखवली तिनं ट्रेमधली. तीही नको, फिरते.
मागे फुलपाखरू असलेलं नकोच नको,
त्याच्या पंखांत पू साचतो.
ही घ्या. टायटॅनियम. सरळ दांडी, मागून सपाट,
आठ मिलिमीटर, सुजेला जागा ठेवून.

"खिळा आहे हा," ती म्हणाली.

हो. सध्या खिळाच.

मग मशीन चढवायला लावलं, पेनानं ठिपका दिला.
नळीखाली गेला. पुसला.
दुसरा चष्म्याच्या काडीला लागला. पुसला.
तिसरा वर, जिथे हेडफोनच्या पट्टीनं
एक बारीक खळी पाडून ठेवली होती.
आरशात ती बराच वेळ बघत राहिली.
"तिथेच," म्हणाली. "तिथे आधीपासून दुखायचंच."

मशीन पुन्हा ताटलीत.
श्वास घ्या, सोडा.
कूर्चेतून सुई जाताना कर्र असा आवाज होतो,
बाहेर कुणाला कळत नाही,
ज्याचा कान त्यालाच.
पोरं त्यालाच घाबरतात, दुखण्याला नाही.
व्हेल्गाचे डोळे मोठे झाले.
"ऐकू आलं," ती म्हणाली,
पहिल्यांदाच हळू आवाजात.

मिठाचं पाणी दिलं. कागदावर लिहून दिलं:
या कुशीवर झोपायचं नाही. फिरवून बघायचं नाही.
सहा आठवड्यांनी या, दांडी आखूड करू.
अंबर पुढच्या वर्षी, तेव्हाही बघू.
तिनं काडेपेटी हलवली, खुळखुळ,
आणि टोपी उजवीकडून दुमडून निघून गेली.

ताटलीत मशीन तसंच.

धावले. हाका मारल्या.
व्हेल्गा! व्हेल्गा!
एक म्हातारा वळला, दोन कुत्री वळली.
ती चालतेय वाऱ्यात, ताठ मानेनं,
कानाच्या टोकावर एवढासा लखलखता खिळा.
शेवटी गाठलं.
खांद्यावर हात ठेवला.
डाव्या.