वजनाचा रकाना

दुकानातल्या बाईने फॉर्म पुढे सरकवला:
तळ्याची खोली, माणसं किती,
सगळ्यात जड कोण, सगळ्यात हलकं कोण.
तिचं नाव व्हिएनो. बोटाला चिकटपट्टी.
मागे फळीवर घड्या घातलेली रबरी बेटं,
हवा नसताना सगळी एकसारखी,
नव्या गमबुटांचा वास येणारी.

ओक्कोला घसरगुंडीवालं हवं होतं.
आयलाला काहीच नको होतं; ती पंधराची आहे.
आनेलीला असं काहीतरी, जे बर्फाआधी
दोघांना उचलून शेडमध्ये नेता येईल
आणि उंदरांना आवडणार नाही.
मी त्या लांबलचक उशीपुढे थांबलो.
एका टोकाला एक जण बसतो,
दुसऱ्या टोकावर दुसरा उंचावरून उडी टाकतो,
आणि बसलेला जातो.
"कुठे जातो?" ओक्कोने विचारलं.
व्हिएनो म्हणाली, "ते फॉर्मवर आहे."

खोली मला ठाऊक होती.
आदल्या रात्री (रात्र कसली, जूनमध्ये
हाउकियार्वीवर उजेड झोपत नाही,
नुसती कूस बदलतो)
सौनाच्या भट्टीतला काळा दगड
कपड्यांच्या दोरीला बांधून
मी होडीतून तळं मोजत हिंडलो.
धक्क्यापाशी दोन मीटर. नको.
लव्हाळ्यापलीकडे तीन, साडेतीन,
मग दोरी संपली
आणि दगड खाली कुठेतरी लटकत राहिला.
वडिलांनी जन्मभर ज्यात मासे धरले
ते पाणी मला पहिल्यांदा आकड्यात कळलं,
तेही अर्धंच.

उरला वजनाचा रकाना.
ओक्को बावीस. आयला सत्तेचाळीस.
आनेली, मी: लिहून टाकलं.
आणि हिल्का.
आनेलीची थोरली बहीण, तीस वर्षं बेकरीत
पहाटे तीनला रायचं पीठ मळणारी,
फोटोत कायम कुणाच्या तरी मागे,
होडीत चढण्याआधी "मी मधेच बसू ना?" विचारणारी,
धक्क्यावर पाय पाण्यात सोडून
सगळ्यांची घड्याळं सांभाळणारी.
आमच्या घरात तिच्या शब्दाला वजन आहे,
पण हे ते वजन नव्हे.
मी लिहिलं: ऐंशी.
सभ्यपणाने. पेनाने.

उशी पिवळी घेतली, धुक्यात दिसावी म्हणून.
नांगराला वाळूच्या चार पिशव्या.
पंप दोन तास घोंघावला, डास तेवढे खूश झाले.
होडीघराच्या जुन्या फळ्यांचं मचाण मी ठोकलं,
जाकिटं घातल्याशिवाय कुणी चढायचं नाही,
एकदा म्हणालो, चारदा म्हणालो.
आयलाने ओक्कोला उडवलं आणि विसरून हसली.
आनेलीने मला उडवलं:
वीतभर. मग मी नुसता घसरलो.

जेवणानंतर शिडी करकरली.
पहिल्या पायरीवर टॉवेल,
चौकोनी घडी, पावाच्या फडक्यासारखी.
वर हिल्का, निळ्या पोहण्याच्या पोशाखात,
जाकिटाचा पट्टा शेवटच्या भोकात.
"कोण बसतंय?"
मुलं नकोत, मी म्हणालो,
आणि म्हणजे कोण ते माझ्या लक्षात आलं.

तिने नाक धरलं नाही. ओरडली नाही.
कणकेचा गोळा ओट्यावर आपटावा
तसा एक आवाज, बस,
आणि माझ्याखालून उशी निघून गेली.

सौनाच्या छपरावर एवढं शेवाळ आहे
हे मला माहीत नव्हतं.
शेजारच्या यालमारीची होडी उलटी वाळतेय,
आनेलीचं तोंड उघडं, हातातलं भांडं तिरकं,
कॉफी सांडतेय, ती सांडून पूर्ण होईना.
मी कुठेच जात नव्हतो. मी वर होतो.
एवढा वेळ वर की आनेलीला सांगावंसं वाटलं,
कॉफी.

मग पाणी, थंड, नाकातून थेट कपाळात.

डोकं वर काढलं तर हिल्का शेजारीच,
केस चिकटलेले, गाल लाल,
जाकिटाने हनुवटीपर्यंत उचललेली.
"फॉर्मवर माझं किती लिहिलंस?"
मी खोकलो. ऐंशी, म्हणालो.
ती पाठीवर उलटली,
दोन हात मारून लांब गेली.
"एकशे चार," आभाळाकडे बघत म्हणाली.
"पुन्हा बस."