चार्जर धरून

गुरुवारचा बाजार अजून अर्धाच मांडलेला.
निल्दा आपासा आली
आणि माझ्या बटाट्यांच्या काट्यावर
एक करडा लॅपटॉप ठेवून म्हणाली,
फोर्तुनाता, तोल.

मी हात पुसले, काट्यावरची माती फुंकली.
एक किलो शंभर.
"आता हे धरून," म्हणत तिने
चार्जर टाकला वर, वायरच्या वेटोळ्यासकट.
काटा दीड किलोपर्यंत गेला.
"बघ. हे लिंबर्ट बोलत नाही."

लिंबर्टचा धाकटा भाऊ तिच्या मागेच उभा होता,
छातीशी आणखी दोन यंत्रं धरून,
गिऱ्हाईक पळून जाईल की काय या धास्तीनं.
त्याच्या हातात कणीस द्यावं म्हटलं,
तर हात रिकामा कुठे होता!

निल्दा आमच्या चाळीस दुकानांचे हिशेब लिहिते.
खाली ला पासमध्ये कर भरायचे,
वर एल आल्तोत येऊन आमच्याकडे पावत्या मागायच्या,
मधे लाल केबलकारची दहा मिनिटं.
तिचा जुना लॅपटॉप मी एकदा उचलला होता.
तीन किलोला शंभर कमी.
आतली चकती इथल्या विरळ हवेत
माझ्या नवऱ्यासारखी घरघरायची,
आणि ऐन कर भरायच्या दिवशी गप्प झाली.
नऊ वर्षांत निल्दाचा डावा खांदा
उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय.
चार हजार मीटरवर
छटाक न् छटाक श्वासानं मोजावा लागतो.

"दुसरा."
नऊशे ग्रॅम! चार्जर धरून अकराशे.
मी एका हातानं उचलला,
म्हटलं, बाई, डोळे मिटून घे.
ती मान हलवत राहिली.
याच्या कळा इतक्या उथळ
की गारठलेल्या बोटांना कळत नाही, दाबली की नाही.
उन्हात पडदा आरसा होतो,
आकड्यांऐवजी आपलंच थोबाड.
आणि बॅटरी दुपारी एकला मान टाकते,
मग हा कुशीत घेऊन
भिंतीभिंतीला वीज मागत हिंडायचं.
"याला हलका म्हणतेस तू?"

मी गप्प बसले.
चुन्यो करताना बाबा हेच ओरडायचे.
रात्रभर गवतावर बटाटे गोठवायचे,
सकाळी अनवाणी तुडवायचे,
दहा किलोचे दोन होईपर्यंत.
पण तुडवणाऱ्याला ठाऊक पाहिजे, म्हणायचे,
पाणी जावं, बटाटा जाऊ नये.

तिसरा एक किलो दोनशे साठ.
त्याचा चार्जर मुठीत मावला,
तोच तिच्या फोनलाही चालतो,
म्हणजे पिशवीतला एक कमीच.
तिनं बोटांवरचे मोजे न काढता
माझं पूर्ण नाव टाइप करून पाहिलं.
एकही अक्षर चुकलं नाही.

लिंबर्ट धावत आला, भाव पाडला,
वर यापा म्हणून एक माऊस, एक पिशवी,
पडदा पुसायचं फडकं.
इथे यापा नाकारणं म्हणजे
विकणाऱ्याच्या आईला नावं ठेवण्यासारखं.
निल्दानं फडकं घेतलं.
बाकीचं परत सारलं:
"फुकटचंही उचलावंच लागतं, पोरा."

मग माझ्याच पोत्यावर बसून
तिनं माझी तीन आठवड्यांची वही उतरवून घेतली.
कोणाकडून येणं, कोणाचं देणं,
मेच्या गारपिटीत गेलेला माल,
बँकेचा हप्ता, तो तर दोनदा विचारला तिनं.
सगळं आत गेलं.

ती चहा आणायला गेली तेवढ्यात
मी लॅपटॉप गुपचूप परत काट्यावर ठेवला.
एक किलो दोनशे साठ.
एक ग्रॅमसुद्धा वाढला नव्हता.
मला जरा रागच आला.

पुढच्या बाईला दोन किलो तोलून दिले
आणि वर तीन बटाटे टाकले, मोठे,
न मागता.