भुशाची तहान

फिटर दगू निकम जाताना म्हणाला,
"ताई, हे लाकूड नाही, लाकडाचा फोटो.
आत दाबलेला भुसा. भुशाला तहान फार.
फडकं पिळा. थेंब थांबला की
आणखी एकदा पिळा."

पाथर्डी फाटा, चौथा मजला.
मी पिळते, मनगट भरून येईतो.
बादली मोरीतच. कुंडीखाली ताटली.

मग मावशी आल्या रामकुंडावरून,
पाण्याचा कॅन कोपऱ्यात टेकवून निजल्या.
बूच सैल.

सकाळी दोन पट्ट्यांच्या सांध्यावर
कड फुगलेली, ओठासारखी.
"गोदामाई घरात आली गं!"
मी काही बोलले नाही,
सुक्या फडक्याने टिपत राहिले.

हल्ली रात्री दिवा न लावता उठते,
तळपायाला कड लागली
की कळतं, मावशींची खोली आली.

दगूला अजून फोन केलेला नाही.