शून्याचा रकाना

निरोपाला त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं.
आता वेळच वेळ, म्हणाला जिल्ह्याचा अधिकारी,
आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.
फँटाच्या बाटल्या, जोलोफ भात,
कापडी फलकावर माझं नाव, सनातू, एका अक्षरानं चुकलेलं.
पगारपत्रकावरही तेहतीस वर्षं ते तसंच होतं.
दुरुस्त करा म्हटलं नाही कधी. छपाईला पैसे पडतात,
आणि ते दुसऱ्याचे असतात.

तामालेच्या उत्तरेला, लाल धुळीच्या वाटांवर
मी पहिली मोटरसायकल घातली
तेव्हा संस्थेला नाव होतं, छप्पर नव्हतं.
काम एवढंच:
पायातून नारू डोकं काढेल, त्याला काडीवर गुंडाळायचं.
रोज दोन बोटं. कधी एकच.
ओढायचं नाही.
बाकीचं नंतर शिकले. अंदाजपत्रक, उद्दिष्टं,
लाभार्थी हा शब्द न हसता लिहायला.
ओस्लोहून आलेल्या बाईंना फोटोत जखम हवी होती,
पण फार नको.
तेही शिकले, कुठून धरायचा कॅमेरा.

एकदा मी ओढला.
नापारी, नऊ वर्षांचा. दिवस कलायला आलेला,
पुढच्या गावात आणखी अकराजण थांबलेले,
माझ्या घरी तापानं फणफणलेली मुलगी.
थोडा जोर. एवढासाच.
तुटला. आवाजही झाला नाही.
पोर माझ्याकडे बघत राहिलं, काडीकडे नाही.
अहवालात मी लिहिलं: गुंतागुंत, एक.
त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही.

तळ्यावर पहारे दिले.
पायाची आग विझवायला आलेल्या म्हाताऱ्याला
मी काठी उगारून हाकललं, माझ्या आजोबांच्या वयाचा तो.
तुला मरताना कुणी पाणी पाजणार नाही, म्हणाला.
ते वाक्य मी कुठल्याच नोंदवहीत लिहिलं नाही
म्हणून अजून पाठ आहे.

मग रकान्यात शून्य आलं.
एक महिना. सहा महिने. बारा.
आम्ही बोकड कापला, शून्याभोवती नाचलो.
पाठोपाठ पत्र आलं:
यशाबद्दल हार्दिक अभिनंदन,
निधी आता अन्यत्र वळवत आहोत.
इसाहाकूला मीच सांगितलं.
शून्य ज्यानं पायी फिरून आणलं, त्याला.
त्यानं पंपाचे पाने नीट पुसून, मोजून ठेवले टेबलावर
आणि एक पाना कमी आहे, उद्या आणून देतो, म्हणाला.
आणून दिला.

परवाच्या समारंभाला नापारी आला होता.
त्याचं दुकान आहे आता, मोटरसायकल दुरुस्तीचं.
सोबत बायको, तीन मुलं, आणि तो ताठ पाय.
पाय बांधलेली जिवंत गिनीकोंबडी
त्यानं माझ्या मांडीवर ठेवली.
मी थांबले. तो काहीतरी बोलेल,
निदान मी तरी बोलेन.
तो म्हणाला, मॅडम, तुमच्या गाडीचा क्लच गेलाय,
येताना ऐकला मी.
चावी घेऊन गेला. उजवा पाय बाजूला पसरून
उलट्या अंगानं, डाव्या पायानं किक मारली.
ती माफी होती, की नुसता क्लच,
रात्रभर कळलं नाही.
आजही नाही.

घड्याळ अजून खोक्यातच आहे.
सकाळी अंगणातल्या नळाचं पाणी भरलं.
नितळ, थंड. कुणालाच घाबरायचं कारण नाही त्याला.
हातानं आपणहून कापड काढलं,
चार पदरी करून मडक्याच्या तोंडावर बांधलं.
वुम्पिनी, माझी सहा वर्षांची नात,
शेजारी उकिडवी बसून बघत होती.
आजी, पाण्यात काय आहे?
काही नाही, म्हटलं.
मग गाळतेस कशाला?

सांगायला तोंड उघडलं. नारू, म्हणणार होते.
तिला तो शब्द येत नाही.
तिच्या वर्गातल्या कुणालाच येत नाही.

काही नाही गं, म्हटलं परत,
आणि कापड पिळून वाळत घातलं.