नोंद

दाजीपूरच्या सड्यावर सोनकी करपलेली.
मी वहीत लिहिलं : नऊ नोव्हेंबर. सोनकी संपली.
जानू झोरे म्हणाला, संपली कुठं? बी धरलंय की.
आणि करवंदीच्या जाळीपाशी उकिडवा बसला.

गव्याचं शेण, अजून ओलं.
एक शेणकिडा गोळी ढकलतोय चढावर,
मागच्या पायांनी, उलटा.
गवा किती लांब असेल?
हाय इथंच. त्यो बी बगतोय आपल्याला.

मी मान वर केली नाही.
अंजनीवरून शेकरूनं
अर्धवट कुरतडलेलं फळ खाली टाकलं.
कशाचं, ते ओळखता आलं नाही.

रात्री कोल्हापुरात वही उघडली
तर गवताचं एक कुसळ
'संपली' या शब्दात रुतलेलं.
उपटायला गेले, मोडलं.
टोक आतच राहिलं.